नकाराचा मसुदा

नोकरी सोडतेय असं मी घरी सांगितलं तेव्हा नवरा भेंडी चिरत होता. रविवारची भाजी त्याच्याकडे असते. त्याने सुरी खाली ठेवली नाही, नुसतं विचारलं, "दुसरी बघितलीस का आधी?" मी म्हटलं, "दुसरी नोकरी नकोय. मला माझं काम शोधायचंय." त्यावर तो म्हणाला, "बरं. सापडलं की मला पण सांग. माझंही तिथेच कुठेतरी पडलेलं असेल."

सतरा वर्षं मी बिल्डरांची माहितीपत्रकं लिहीत होते. घोडबंदरच्या बाजूला एखादी इमारत उठायला लागली की तिचे फोटो, नकाशे आणि बिल्डरच्या अपेक्षा माझ्या टेबलावर यायच्या आणि मी वाक्यं पाडायची. 'खाडीचा वारा थेट तुमच्या दिवाणखान्यात.' वारा यायचा, खोटं नाही. ओहोटीला वारा एकटा येत नसे, सोबत वासही आणायचा, एवढंच माझ्या वाक्यात मावायचं नाही. मी मराठीत लिहायचे, बाकीचे दोघे हिंदी आणि इंग्रजीत, आणि आमच्यात माझं सगळ्यात चांगलं असायचं हे मी आजही सांगेन. भाषेच्या बाबतीत मला विनय जमत नाही.

मग आमच्याच इमारतीत पूर्वी राहणारे एक निवृत्त गृहस्थ एकदा जिन्यात भेटले. पेणकरपाड्यातली भाड्याची खोली सोडून त्यांनी मी लिहिलेल्या एका इमारतीत घर घेतलं होतं. म्हणाले, "तुमचं ते वाक्य वाचून घेतलं हो. सकाळचं ऊन उशीवर उतरतं, ते." मी विचारलं, "उतरतं ना?" ते हसले. "समोर दुसरी विंग आली. तिच्या न्हाणीघरांचे पाइप दिसतात. पण वाक्य सुंदर होतं." त्यांना राग आला असता तर मी सहज पचवला असता. मला रागाची सवय आहे, घरात मीच तो पुरवते. पण ते माझं कौतुक करत होते. महिन्याभरात मी राजीनामा दिला.

माझी एक मैत्रीण तेव्हा नोकरदारांना मार्गदर्शन करायचा कोर्स करत होती. तिने मला एक कागद दिला. त्यावर बरेच शब्द होते, निष्ठा, सन्मान, स्वातंत्र्य, सर्जनशीलता वगैरे. त्यातले आपल्याला खरोखर महत्त्वाचे वाटणारे पाच निवडायचे आणि त्यांच्याशी जुळेल असंच काम करायचं, म्हणजे आयुष्यभर समाधान. मी करुणा पहिली लिहिली. खूप विचार करून लिहिली. नवऱ्याने खांद्यावरून वाचलं आणि विचारलं, "आणि चिडचिड? ती कुठल्या रकान्यात?" मी कागद ओढून घेतला. पण त्या शब्दाबद्दल मी गंभीर होते. कुणाला दुखवायचं नाही, आणि लिहायचं तर माणसाच्या उपयोगी पडेल असं लिहायचं, एवढं मला त्या वयात स्वतःबद्दल पक्कं ठाऊक झालं होतं.

भाईंदर पश्चिमेला एका वह्यापुस्तकांच्या दुकानावर दोन खोल्यांत एक लहानशी संस्था चालते. जन्मतः ऐकू न येणाऱ्या मुलांच्या कानात यंत्र बसवायचं ऑपरेशन असतं, त्याचा भार ही संस्था उचलते. अर्ज फार येतात आणि करता येण्याजोगी ऑपरेशनं थोडी. दर तीन महिन्यांनी समिती बसते, काही नावांवर हिरवी खूण होते आणि उरलेल्या सगळ्या नावांवर लाल. त्या लाल खुणांना पत्रं पाठवायची असतात. मला त्या कामासाठीच घेतलं, म्हणजे पत्रव्यवहारासाठी. पगार आधीच्या निम्म्याहून कमी. मी नाचतच घरी आले.

माझ्या आधी पत्रं एक काका पाठवायचे. रायगडकडचे, सरकारी कचेरीतून निवृत्त होऊन इथे आलेले, शर्टाच्या खिशाला दोन पेनं. त्यांचं पत्र तीन वाक्यांचं होतं. 'आपला अर्ज नामंजूर करण्यात आला आहे. अर्जदाराने अन्यत्र प्रयत्न करावा. वाट पाहू नये.' खाली शिक्का. वाचून माझं डोकंच फिरलं. ज्या घरात मुलाला 'आई' हा शब्द ऐकू येत नाही त्या घरी हे पाठवायचं? पाण्याचं कनेक्शन तोडल्याची नोटीस तरी जरा मवाळ असते.

त्यातून ते फोन करायचे. प्रत्येक नकारानंतर, वही समोर ठेवून, मोठ्या आवाजात. "हॅलो. अर्ज नाही झाला. नाही झाला म्हणजे नाही झाला. रडू नका, आधी पेन घ्या. मी सांगतो त्या हॉस्पिटलात जायचं. उद्या जायचं. परवा नको." रडू नका! मी टेबलाच्या या बाजूला कानकोंडी होऊन बसायचे. पलीकडची बाई काय करत असेल ते मला दिसायचं आणि काकांना दिसत नाही याचं मला आश्चर्य वाटायचं.

दुसऱ्याच महिन्यात मी पत्र बदलायला घेतलं. चार दिवस त्यावर बसले. माझा मसुदा मला अजून तोंडपाठ आहे. 'आपण आपल्या लेकराविषयी लिहिलेला शब्द न् शब्द आम्ही वाचला. आपल्या घरातली ओढ आमच्यापर्यंत पोचली. या वेळी आपल्यासोबत चालण्याचं भाग्य आम्हाला लाभत नाही, याची मनापासून खंत वाटते. आपल्या लेकराचं नाव आमच्या मनात राहील. जगातले सगळे गोड आवाज त्याच्या कानी पडोत.' नामंजूर हा शब्द मी काढला. 'अन्यत्र प्रयत्न करावा' हे तर सगळ्यात आधी काढलं. दारात आलेल्या भिकाऱ्याला आपण "पुढे जा" म्हणतो, ते मला त्यात ऐकू यायचं. कुणाच्या लेकराला मी पुढे जा म्हणणार नव्हते.

काकांनी मसुदा दोनदा वाचला. चष्मा काढला, पुसला, परत वाचला. "मॅडम, ह्यात 'नाही' कुठाय?"

"वाचणाऱ्याला कळतं, काका."

"कळत असेल," ते म्हणाले, आणि कागद परत दिला.

आमच्या ट्रस्टी बाईंना पत्र वाचून भरून आलं. त्या घरी गुजराती आणि ऑफिसात हिंदी बोलतात, मराठी त्यांना सगळं समजतं. "अरे बाबा, ये तो दिल से लिखा है," म्हणाल्या, आणि त्याच संध्याकाळी हिंदी आणि गुजराती तर्जुमे करायला सांगितले. पुढे ते पत्र वार्षिक अहवालाच्या पहिल्या पानावर चौकटीत छापलं गेलं. मीच सुचवलं की इतकं व्यवस्थित पत्र जातंय तर वर फोन कशाला, एकदा दुखावलेल्याला पुन्हा दुखवायला? फोन बंद झाले. काकांनी त्या दिवाळीला काम सोडलं. गुडघे दुखतात म्हणाले.

त्यानंतरचा काळ माझ्या आयुष्यातला सगळ्यात सुखाचा. हे मला लपवायचं नाही. सकाळी मी रिक्षात बसल्या बसल्या आज कुठली पत्रं जायची ते मनात घोळवायचे आणि त्याचा कंटाळा यायचा नाही. नकाराच्या पत्रांना उत्तरं यायला लागली. आभाराची! रत्नागिरीच्या एका वडिलांनी मुद्दाम फोन करून सांगितलं की इतकं आपुलकीचं पत्र आम्हाला कुणी लिहिलं नव्हतं. मी ते घरी तीनदा सांगितलं. नवरा म्हणाला, "नाही म्हटल्याबद्दल थँक्यू? मला ऑफिसात हो म्हटल्यावर पण कुणी म्हणत नाही." चिडवत होता, पण मी बदललेय हे त्याच्याही लक्षात आलं होतं. माझा आवाज खाली आला होता. जे मी आहे आणि जे मी करते, त्यात फट राहिली नव्हती.

मग जूनमधल्या एका सकाळी उत्तनजवळच्या पालीहून एक बाई आली. तिशीची, काटक, बरोबर सहाएक वर्षांची दिसणारी मुलगी, दोन घट्ट वेण्या. मुलगी खुर्चीवर बसली आणि खोलीतल्या प्रत्येकाच्या तोंडाकडे आळीपाळीने बघू लागली. अशी मुलं तसंच बघतात. बाईने पिशवीतून पुठ्ठ्याला लावून प्लास्टिकमध्ये घातलेला एक कागद काढला आणि माझ्यासमोर ठेवला. माझं पत्र होतं.

"मॅडम, आमचा नंबर कवा लागेल?"

मला कळलंच नाही. मी तिला पाणी दिलं, नाव विचारून फाइल शोधली. अर्जावर लाल खूण होती. पत्राला वर्ष उलटून गेलेलं. मुलीचं वय तेव्हा सव्वाचार. मी आकडा पुन्हा बघितला, कारण आमच्याकडे पाचाच्या आतली मुलं घेतात आणि सरकारी योजनेतही तेव्हा तीच अट होती. मुलीला पाच पूर्ण होऊन पाच महिने झाले होते.

"तुम्ही मधे कुठे दुसरीकडे दाखवलंत का?" मी विचारलं. आवाज मऊच होता. तो आता माझा तसाच झाला होता.

"न्हाय. कुठं जाणार? तुमचा पत्र होता ना."

मी म्हटलं, "पण पत्रात आम्ही..." आणि थांबले, कारण पुढे काय म्हणायचं ते पत्रातच नव्हतं.

मग तिने सांगितलं. तिच्या खालच्या आळीत अशीच एक मुलगी होती, हिच्यापेक्षा थोडी मोठी. त्यांनाही आमच्याच ऑफिसातून पत्र गेलं होतं, त्याच्या आदल्या वर्षी. म्हणजे काकांचं. "तिच्या आईनी मला दाखवलेला. नामंजूर लिवलेला. वाट बघू नका लिवलेला. वर तुमच्या त्या म्हाताऱ्याचा फोन. ती जाम रडली, शिव्या दिल्यान त्याला. मग दुसऱ्या दिवशी मुंबईला गेली पोरीला घेऊन." तिने प्लास्टिकवरून हात फिरवला. "आमचा पत्र आला तवा सगल्यांनी वाचला. शेजारच्या मास्तरांनी पन वाचला. तसा न्हायच हाय. नामंजूर कुठं न्हाय. पोरीचा नाव मनात ठेवतो लिवलाय. मी बोलली, आपला झाला."

"आणि ती मुलगी? खालच्या आळीतली?"

"तिला आयकू येते ना. शालेत जाते. गानी बोलते, भांडते पन."

मी फाइल बंद केली, उघडली, परत बंद केली. तिला वाटलं मी नंबर शोधतेय. ती समजुतीने पुढे बोलत राहिली. तिचा नवरा बोटीवर जातो. वर्षातले दोन महिने, मासेमारीची बंदी असते तेव्हाच तो घरी. दवाखान्याची धावपळ करायची ती त्या दोन महिन्यांतच, कारण एरवी आठ-आठ दिवस तो समुद्रावर आणि ही मासळी घेऊन बाजारात. गेल्या बंदीत तो म्हणाला होता, एकदा मुंबईला दुसरीकडे दाखवून येऊ. तेव्हा पाच व्हायला अवकाश होता. "मीच नको बोलली. ज्यांनी एवढा चांगला लिवला, त्यांना काय वाटेल? यांचा इश्वास न्हाय म्हनून दुसऱ्याकडं गेले? बरा दिसते काय?"

माझ्या पत्राचा मान ठेवायला ती घरी थांबली होती.

हे तिने इतक्या साधेपणाने सांगितलं की त्यात तक्रारीचा मागमूस नव्हता. मला तिच्या पाया पडावंसं वाटलं आणि खोलीतून पळून जावंसंही वाटलं. मी दोन्ही केलं नाही. म्हटलं, "मी बघते. सगळं विचारून घेते आणि तुमच्या घरी येऊन सांगते." तिने हात जोडले. मुलीने माझ्याकडे बघून मान हलवली, कारण आईने हलवली होती.

मी खरंच विचारलं. एवढं तरी माझ्या बाजूने लिहिते. डॉक्टरांकडे गेले. ते म्हणाले, मेंदूतली ऐकण्याची जागा फार दिवस रिकामी राहत नाही, तिथे दुसरी कामं येऊन बसतात. ऑपरेशन आताही करता येईल, आवाज कळतील, पण त्यातून बोलणं किती येईल ते सांगता येत नाही, आणि दर महिन्याला शक्यता उतरते. "निधी कोण देणार पण? सगळ्यांनी वयाची रेघ तिथेच मारलीय." मी म्हटलं, "काहीतरी असेलच ना, डॉक्टर?" ते म्हणाले, "मागच्या वर्षी होतं."

योजनेच्या कार्यालयात गेले. खिडकीतल्या मुलीने जन्मतारीख बघितली आणि अर्ज हातातही न घेता मागे सरकवला. आणखी तीन संस्थांना फोन केले, दोघांनी अट सांगितली, तिसऱ्यांनी अगदी गोड आवाजात माझा नंबर लिहून घेतला. त्या गोड आवाजाची मला भीती वाटली.

ट्रस्टी बाईंसमोर बसून मी हट्ट केला. त्यांनी ऐकून घेतलं, डोळे पुसले, पण समितीचा नियम मोडायला तयार झाल्या नाहीत. एकीसाठी मोडला तर त्या यादीतल्या लहान मुलांपैकी एक मागे जाणार. कुठलं मागे ठेवायचं ते तू सांग, म्हणाल्या.  मग मी म्हटलं, निदान पत्र बदलू. "पत्र क्यों? वो लेटर तो अपनी पहचान है. लोग फ्रेम करके रखते हैं." मी म्हटलं, "तेच तर." त्यांना ते समजलं नाही, आणि मी समजावत बसले नाही. तेव्हापासून मी त्या छापील पत्रावर लाल पेनने आडवं लिहिते, नामंजूर, थांबू नका, आजच दुसरीकडे जा, आणि फोन करते. आभाराचा फोन आता येत नाही. एका आजोबांनी मला परवा माणुसकी शिकवली.

जुन्या फाइली काढून मी बाकीच्यांनाही फोन लावत गेले. बरेच जण दुसरीकडे गेले होते, काहींचे नंबर बंद होते. रत्नागिरीच्या त्या वडिलांनी आवाज लगेच ओळखला. "मॅडम, आम्ही तुमच्याच फोनची वाट बघतोय." त्यांच्या मुलाचं वय माझ्यासमोर लिहिलेलं होतं. त्याला अजून चार महिने होते. मी ओरडलेच त्यांच्यावर, उद्या निघा, उद्याच. ते घाबरून हो हो म्हणत राहिले. गेले असतील. मी मग फोन नाही केला, 'नाही गेलो' असं ऐकायची हिंमत नव्हती.

काकांनाही केला. मला वाटलं होतं ते तरी दोन शब्द सुनावतील. त्यांनी सगळं ऐकलं आणि म्हणाले, "तुमचं पत्र चांगलं होतं मॅडम. मी घरी बायकोला वाचून दाखवलं होतं." आणि मग गुडघ्यांबद्दल बोलत राहिले.

एवढं सगळं विचारून झाल्यावर पालीला जायचं होतं. मी गेले नाही. एका शनिवारी पाऊस फार होता, पुढच्या शनिवारी घरी पाहुणे होते, मग कुठूनतरी उत्तर यायचं बाकी होतं जे येणार नाही हे मला माहीत होतं. नवरा एकदा म्हणाला, "मी येऊ का बरोबर?" मी त्याच्यावर उगाच खेकसले. बघता बघता बंदी उठली आणि बोटी समुद्रात गेल्या. आधीची बंदी माझ्या पत्राने खाल्ली होती, ही मी स्वतः खाल्ली.

भाईंदर स्टेशनवरून उत्तनची बस पकडून शेवटी गेले. पालीत बोळ इतका अरुंद की समोरून स्कूटर आली की भिंतीला पाठ लावून उभं राहायचं. ती दारातच ओट्यावर पाटावर बसून कोळंबी सोलत होती. मला बघून तिने हात धुतले, खुर्ची पुसली, आतून सरबत आणलं. नवरा बोटीवर गेला होता, चार दिवसांनी यायचा होता. मुलगी पाठमोरी बसून चित्र रंगवत होती. आईने टाचेने फरशीवर दोनदा धप् धप् केलं, तसं तिने वळून बघितलं आणि मला ओळखून उठून जवळ आली. पत्र भिंतीवर होतं, चर्चमधल्या मदरच्या तसबिरीखाली, लहान लाल बल्बच्या उजेडात.

"लागला नंबर?"

मी तोंड उघडलं. सगळं पाठ करून आले होते, बसमध्ये ओठ हलवत. आणि मी म्हणाले, "अजून बघतेय. प्रयत्न चाललेत."

तिचा चेहरा असा काही उजळला की मला तिथे बसवेना. सरबत संपवलं, मुलीच्या गालाला हात लावला आणि निघाले. बोळातून चालताना मी स्वतःला जे बोलले ते छापण्यासारखं नाही. बसस्टॉपवर बस उभीच होती, ड्रायव्हर चहा पीत होता. मी चढले, खिडकीशी बसले. वाटलं, घरी जाऊन फोन करावा. नाहीतर पत्रच लिहावं. पत्र हा शब्द मनात आला आणि मी पर्स खांद्याला लावली. मी उतरले.

ती कोळंबीच सोलत होती. मी उभ्यानेच सांगितलं, "नाही होणार."

"आता न्हाय?"

"आता नाही आणि पुढच्या वर्षीही नाही. आमच्याकडे कधीच नाही. ते पत्र नाहीचंच होतं."

तिचे हात चालत राहिले. दोन कोळंब्या सोलून तिने वाटीत टाकल्या. "मग दुसरीकडं जाऊ?"

"मी सगळीकडे विचारून आले. पाचाच्या आत घेतात. वय गेलं तिचं."

"कवा गेला?"

"गेल्या वर्षीच्या बंदीनंतर. सहा महिन्यांनी."

तिने वाटी बाजूला ठेवली. मला वाटलं आता ती ओरडेल. मला ते हवं होतं, मी त्यासाठी तयार उभी होते. पण तिने हात पदराला पुसले आणि भिंतीवरच्या पत्राकडे बघितलं. मग म्हणाली, "माझा घो इश्वास न्हाय ठेवणार. तो बोलल, पत्रात असा न्हाय, तुला बाईनी काय सांगितला न् तू काय आयकला. मला त्याला सांगता न्हाय येनार. तुमी लिवून द्या."

"काय लिहू?"

"हाय तेच. तुमी लिवता ना चांगला."

आतून तिने मुलीची चित्रांची वही आणली. मागचं कोरं पान फाडून दिलं. मी ओट्यावर बसून मांडीवर वही घेऊन लिहिलं. 'तुमच्या मुलीचा अर्ज आम्ही मागच्या वर्षीच नामंजूर केला होता. पत्रात आम्ही ते स्पष्ट लिहिलं नाही. त्यामुळे तुम्ही थांबलात आणि तिचं वय निघून गेलं. चूक तुमच्या बायकोची नाही. माझी आहे.' खाली सही केली. सतरा अधिक दोन वर्षांत मी इतकं सरळ काही लिहिलं नव्हतं, आणि त्याचा आता कुणालाच काही उपयोग नव्हता.

तिने कागद घेतला, बघितला आणि परत माझ्याकडे दिला. "वाचा. कसा वाटते ते आयकू दे."

मी वाचायला लागले. मुलगी माझ्या गुडघ्याशी येऊन बसली होती, हनुवटी तळहातावर टेकून. दुःखाची गोष्ट सांगतानाही चेहरा प्रेमळ ठेवायचा ही मला त्या नोकरीत लागलेली सवय, ती तेव्हाही सुटली नव्हती. मी एकेक वाक्य वाचत होते आणि ती माझ्या तोंडाकडे बघून हसत होती.